अडतीस नंबर

हर्णैतल्या प्रत्येक घराची डिश
समुद्राकडे पाठ करून बसते.
मीच बसवल्यात, एकशे सत्तावन्न.
तोंड आग्नेयेला, मान थोडी वर,
मध्ये माड आला तर माडाशी बोलायचं,
नाहीतर मालकाशी.
खारं वारं दोन पावसाळ्यांत बोल्ट खातं,
म्हणून नटाला इंजिनाचं जळकं तेल लावतो.
होडीवाले फुकट देतात.

एक तारखेला सकाळी सहापासून फोन.
"नाझीम, अडतिसावर बाई नाय."
"अडतिसावर गुडघ्याचा तेल इकतायत रे."
"मुकादम, तुजा डबा बिघाडला."
डबा बिघडला नव्हता.
दिल्लीत लिलाव झाला होता.

लिलाव म्हणजे काय, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.
रोज चार वाजता ओल्या वाळूत वाटे पडतात,
सुरमई, हलवा, बांगड्याची रास,
दलाल आकडा ओरडतो, पुन्हा ओरडतो,
तिसऱ्या आकड्याला टोपली उचलली जाते.
फक्त जयवंत चोगले म्हणाला,
"पण वाट्यात मासा असतो.
तिकडं काय ठेवतात वाळूवर?"
"जागा. वर्षभराची."
"नुसती?"
"नुसती."
तो बराच वेळ हसला.
मग कितीला गेली ते विचारलं,
आणि ऐकून परत जाळं शिवायला बसला.

आमचं चॅनल लहान होतं.
पहिल्या दोन बोलींतच मागं सरलं असणार.
इथं न गेलेला वाटा मीठ लावून सुकवतात,
चार दिवस गावभर वास राहतो.
चॅनलचा वास राहत नाही.
एकतीस तारखेच्या रात्री वैदेही
पाकीट हातात घेऊन दारात उभी होती,
पाकिटाची कड फाटली,
आणि महिना संपला.

पन्नास रुपयांत मी घरोघर ऑटो सर्च मारला.
पट्टी सरकते, शंभर टक्के होते,
सापडतात दोन बाबा, एक कुस्ती,
आणि चार सिनेमावाले, ज्यांत माणसं
ओठ एका भाषेत हलवतात, बोलतात दुसरीत.
"बाई गावली?"
"नाय."

पाजपंढरीत मीरा पेडेकर पैसे मुठीत धरून बसली.
"आधी सांग, पत्रात काय होता?"
मला काय ठाऊक. पण पन्नास रुपये हवे होते.
म्हटलं, "भावाचं होतं. जिवंत हाय तो."
तिनं पैसे दिले, वर चार सुके बोंबील.
पुढच्या घरी ते पत्र बँकेचं झालं.
त्याच्या पुढच्या घरी कोरा कागद,
कारण तिथली सून मला आवडत नव्हती.

चौथ्या दिवशी गोष्टी माझ्याआधी बंदरावर पोचल्या.
टोपल्या खाली ठेवून बायका भांडत होत्या.
"माज्याकडं भाऊ जिवंत हाय!"
"तुज्याकडं असंल. आमच्याकडं घर जप्त झाला."
कोरा कागदवाली गप्प उभी होती,
तिला कुणी बोलूच देईना.
मी स्कूटर सुरूच्या झाडांमागून काढली.

शेवटचं घर तारामती दोरकुळकरचं.
नवरा होडीवर, दहावा दिवस.
टीव्हीवर तोच तेलवाला, आवाज बंद,
समोर सुपात जवळा, ती निवडत होती.
मी रिमोट उचलला.
"शोधू नको," ती म्हणाली,
"अडतीस हाय तसा ऱ्हाऊ दे.
आठ ते साडेआठ तिची येळ.
परत आली तर दार बंद नको दिसायला."

मी पैसे घेतले नाहीत.
घेतले, खरं तर. वीस परत दिले.
मग तिनं बोलावलं कशाला होतं,
ते विचारायचं राहिलं.
बाहेर येऊन बोल्ट तपासला, तेल लावलं.
अंधारात दूर दोन दिवे हलत होते,
कुणाच्या होड्या, कळेना.
डिश आग्नेयेलाच बघत होती,
जिकडून होडी कधीच येत नाही.